मास्तर गोड बोलायला लागला

"टोमणेच मारायचेत तर सरळ मारा ना, मास्तर!"

कालिंदीनं पक्कड वायरी टाकायच्या सरावाच्या फळीवर आपटली, तशा आमच्या परळच्या चाळीखालच्या वायरमन क्लासात सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी दाराशी बाकड्यावर पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर डोळ्यांपुढं होता, कान आत होते.

झालं होतं एवढंच. जगदीश मास्तर तिला म्हणाला होता, "कालिंदे, वायरी लई झ्याक टाकल्यास. भांग पाडल्यावानी सरळ."

हा जगदीश माझ्याबरोबर मिलमध्ये होता. एकदा तो हाताखालच्या माणसावर असा ओरडला, की शेजारच्या मिलची पाळी सुटली. लोकांना वाटलं भोंगा झाला. खोटं वाटलं तर तिथल्या कुणालाही विचारा. आता त्यातलं कुणी हयात नाही, ही गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाला क्लास चालवणाऱ्या संस्थेनं एक दिवस मास्तरांच्या शिबिराला धाडलं. तिथं सांगितलं, आधी चांगलं काय ते बोला, मग चुकलं काय ते, मग सुधारायचं कसं. गड्यानं ते मनावर घेतलं. पण आमच्याकडं तोंडावर कौतुक म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं. सासूनं भाजीला छान म्हटलं की सून आधी मीठ चाखून बघते. कालिंदी पहिल्या वाक्यालाच पेटली. पुढचं ऐकतंय कोण?

सोमवारी तिची परीक्षा. एकदा नापास झालेली. पुन्हा झाली की नाव कटणार. त्यात घरी आजीनं, सुंदराबाईनं, शंकेला फोडणी दिली. "जगदीश आन् ग्वाड बोलतोय? पोरी, बोकडाला कापायच्या आधीच हार घालत्यात. तुझं नाव कटलं समज."

झालं! पोरीनं चांगल्या टाकलेल्या सगळ्या वायरी उपटल्या आणि नव्यानं टाकल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाला, "झ्याक!" तिनं पुन्हा उपटल्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी मास्तरचा धीर सुटला. "आगं, जे चांगलं म्हंतो तेच का उपटतीस?"

"वर्षभरात एकदा तरी चांगलं म्हणालात का? आताच कसं सुचलं? माझी जागा कुणाला द्यायचीय, ते सांगून टाका!"

मास्तरनं माझ्याकडं पाहिलं. मी पेपरात तोंड खुपसलं; पेपर उलटा होता, हे नंतर कळलं.

मग तो तिच्या फळीपाशी उकिडवा बसला. आवाज इतका खाली, की मला बाकडं पुढं सरकवावं लागलं. "ही अर्थिंगची हिरवी वायर. धर. आता ओढ."

तिनं ओढली. लोण्यातून केस निघावा तशी वायर हातात आली.

"तीन दिस ह्येच सांगाय बघतोय, तू ऐकशील तर! स्क्रू ढिला ऱ्हातोय तुझा. उद्या कपड्याच्या मशीनमधी करंट उतरला, तर तुज्या घरी पयला हात कुणाचा लागंल?"

कालिंदी हातातल्या वायरीकडं बघत म्हणाली, "आजीचा."

"मग आवळ. आन् बाकीला हात लावू नगं. ते झ्याकच हाय."

"खरंच?"

"माझ्यावर इश्वास ठिवू नगं. ओढून बघ की!"

तिनं स्क्रू आवळला. मग एकेक वायर ओढून पाहिली. एकही हलली नाही. तेव्हा कुठं पोरीच्या कपाळावरची आठी सुटली.

सोमवारी बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी हिरवी वायर एकदा ओढली, दोनदा ओढली, आणि म्हणाले, "उत्तम."

कालिंदीचा चेहरा उतरला. "काय चुकलं, साहेब?"

पास झाली. संध्याकाळी सुंदराबाई पेढ्यांचा पुडा घेऊन चाळभर फिरली. मी एक तोंडात टाकला आणि मनापासून म्हणालो, "सुंदराबाई, पेढा लई झ्याक आहे हं!"

म्हातारीनं डोळे बारीक केले, माझ्याकडं पाहिलं आणि पुडा नाकाला लावून हुंगला.