बादलीतली चिलापी

"आक्का, हात पुढं करा," अमीन म्हणाला आणि त्यानं बादलीतल्या चिलापीचं तोंड अंगठ्यानं हलकेच उघडलं. कणीएवढी पिल्लं पद्मावतीआक्कांच्या ओल्या तळव्यावर सांडली.

"बघा. दुसऱ्याची अंडी खाती, सोताची पोरं तोंडात ठेवती."

आक्कांनी घाईनं हात बादलीत बुडवला.

दर चतुर्दशीला अमीनकडून बादलीभर जिवंत मासे विकत घ्यायचे आणि बस्तीमागच्या, म्हणजे जैन मंदिरामागच्या तळ्यात सोडायचे, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. तळ्यात कुणी जाळं टाकू नये म्हणून त्या स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या होत्या. गावानं शब्द मानला होता.

यंदा पाणी आटलं आणि काठाजवळचा तळ दिसू लागला. सगळीकडे ताटाएवढे गोल खड्डे.

"नर तोंडानं माती उपसून घर करतोय," अमीन म्हणाला. "खवली मासा न्हाई, झिंगा न्हाई. समदं तळं हिचंच. भाईरनं आणल्याली जात ही, हितली न्हवं."

"मग अकरा वर्सं बोलला न्हाईस?"

"तुमी जिती मागितली. बाकीची कागलच्या बाजारातनं हितवर येईस्तवर मरत्यात. हीच टिकती. मला तरी कुठं ठावं व्हतं?"

"आता?"

"जाळं."

आक्का तळ्याच्या पायरीवरून उठल्या, पुन्हा बसल्या. जपाचा मणी कुठवर आला होता ते सुटलं. पहिल्यापासून धरलं, पुन्हा सुटलं. बस्तीजवळ अमीन विडी ओढत नसे, नुसती बोटांत फिरवत होता.

"समदी काढाय लागतील?"

"समदी कुठली निघत्यात. पर घटतील, बाकीच्यास्नी जागा हुईल. तुमच्या शब्दामुळं कोण हात लावंना. तुमीच सांगाय पायजे."

ऊन उतरलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून सुनेनं दोनदा हाक मारून झाली होती.

"टाक," आक्का म्हणाल्या.

"काय म्हणला?"

त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. "टाक जाळं."

अमीननं मान हलवली. मग बादलीकडं बोट केलं. "आणि ही?"

"ही मी न्हेतो घरला," आक्का म्हणाल्या.

परसातल्या सिमेंटच्या हौदात त्यांनी मासे सोडले आणि काठाला धरून उभ्या राहिल्या. दिवस मावळला, आजचं जेवण राहिलं. एक काळसर नर तळाशी गेला. त्यानं सिमेंटला तोंड लावलं, रिकामाच वर आला, आणि पुन्हा खाली गेला.