वाढत्या अंगाचे फ्रॉक

शेवंतीच्या नवऱ्याची, धाकूची, गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून शिलाई मशीन शेवंतीच्या पायांवर चालत होतं आणि घर त्या मशीनवर. ब्लाउज, अभ्रे, पडद्यांच्या झालरी, असली किरकोळ कामं. जूनपासून बोरीवलीतल्या मिशनच्या शाळेचे युनिफॉर्म आपल्याकडे आले की सुटलो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी एकाच माणसाला खूश करायचं होतं, आणि ते माणूस म्हणजे सिस्टर क्षमा. नाव ठेवणाऱ्याने जरा घाईच केली, असं शाळेतल्या पोरांचं मत होतं.

सिस्टर मूळच्या नगरच्या, पूर्वी याच शाळेच्या मुख्याध्यापिका; सध्या युगांडात होत्या, पण शाळेत शब्द अजून त्यांचाच चालायचा. तिथली लढाई नुकतीच थांबली होती. जळलेल्या शाळेवर पत्रे टाकून त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाने वर्ग सुरू केले होते. सिस्टर सुट्टीवर आल्या होत्या आणि जाताना तिथल्या मुलींसाठी कपडे नेणार होत्या. बोरीवलीत युगांडा म्हटलं की तिथून हाकलून दिलेली गुजराती कुटुंबं सुस्कारा टाकायची. आमची कोकणी मंडळी विचारायची, तिथे नारळ मिळतो का.

सिस्टरनी शेवंतीच्या हातात रिबिनींचा जुडगा ठेवला. एकेका मुलीच्या खांद्याला धरून गुडघ्याशी कापलेली रिबीन, छातीच्या मापाला मारलेली गाठ, वर शाईने नाव.

"आकडे लिहिताना चुकतात, रिबीन चुकत नाही," सिस्टर म्हणाल्या. "हे जमलं तर जूनचं बघू. एवढाच फ्रॉक. कमी नाही, जास्त नाही."

शेवंतीने मान डोलावली आणि घरी येऊन प्रत्येक रिबिनीच्या पुढे वीतभर कापड जास्त धरलं. आपण ऐकलं नाही, असं तिला वाटलंसुद्धा नाही. वाढत्या पोराचा कपडा मापात शिवायला काय डोकं फिरलंय? तिच्या स्वतःच्या मुलाची शाळेची चड्डी पहिलीत पोटरीपर्यंत यायची. तिसरीत ती गुडघ्याला लागली आणि चौथीत अब्रू झाकायला कमी पडू लागली, तेव्हा कुठे नवी आली. काजं करायला बसलेला धाकूही म्हणाला, "छातीत पण सोड गो वायच. उद्या ती पोरां पोटभर जेवूक लागतली."

सिस्टर निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तपासणी झाली. त्यांनी पहिल्या फ्रॉकवर रिबीन धरली. मग दुसऱ्यावर. मग चष्मा पुसून तिसऱ्यावर.

"हे काय आहे?"

"फ्रॉक."

"यात दोन मुली बसतील, शेवंतीबाई."

"वाढत्या अंगाचे शिवलेत, सिस्टर."

"मी मागितले होते?"

भीती वाटली की शेवंतीची मुंबईची भाषा पळून जायची. "ह्या काय मागूक लागता?" ती म्हणाली.

सिस्टरनी टेबलावरची कात्री तिच्यापुढे सरकवली. "कापा. सगळे. रिबिनीबरोबर. नाहीतर जूनचं काम मी स्टेशनजवळच्या टेलरला द्यायला सांगून जाते."

शेवंतीने कात्री उचलली. फ्रॉक पसरला, घेर हाताने सारखा केला. जूनचे युनिफॉर्म तिला समोर दिसत होते, निळ्या कापडाचे तागेच्या तागे. पण हात काही पुढे जाईना. तिला रडू येत होतं आणि रागही.

"टेलरला द्या तर द्या," ती कात्री खाली ठेवत म्हणाली. "मी कापायची नाय. आत दुमडून टाचून देते. तुमच्या पोरी काय जन्मभर एवढ्याच राहणारेत?"

आता वाट लागली, हे तिला बोलल्यावर कळलं. सिस्टरनी टेबलावरच्या रिबिनी उगाच सारख्या केल्या.

"तिथे आम्हाला सगळे आजचंच विचारतात," त्या म्हणाल्या. "आज जेवण आहे का, आज शाळा आहे का. उद्याचं कुणी विचारत नाही. मीही माप घेतलं ते आजचंच."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सुई मागितली. सिस्टरचे टाके इतके वेडेवाकडे पडत होते की शेवंतीला गुपचूप उसवावे लागले. एक घडी यंदा सोडायची, एक पुढच्या वर्षी. कुठला दोरा ओढला की कुठली घडी सुटते, हे सिस्टरनी वर्गातल्या पोरीसारखं दोनदा विचारून घेतलं.

"जूनचे युनिफॉर्म तुम्हीच शिवा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पण मापात."

"बरं," शेवंती म्हणाली. पहिल्या मान डोलावण्याइतकंच हेही खोटं होतं, आणि या वेळी दोघींनाही ते ठाऊक होतं.

शेवटी सगळ्यात छोटी रिबीन उरली, जेमतेम दोन वितींची. सिस्टरनी तो फ्रॉक उचलला, आतली घडी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा आखूड आहे."

"सिस्टर, घड्या सोडल्या की घोट्यापर्यंत येईल तिला."

"खाली पट्टी जोडा," सिस्टर दरडावून म्हणाल्या. "ही पोरगी उंच होणार आहे."