ग्लाशाचं चाक

"एवढी ओरडतेय, तर चालत का नाही?" मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसलेल्या तासियानं विचारलं. तिच्या मांडीवर कांद्याची पात भरलेल्या पाईंचा टोप होता. "अगदी आपल्या तालुक्याच्या अध्यक्षासारखी झालीय."

अर्ध्या चढावर मागून कर्रर्र असा आवाज आला होता आणि तेव्हापासून इंजिन उत्तम चालत होतं, गिअर पडत होते, फक्त गाडी मागे घरंगळत होती. ब्रेक दाबून सावेलीनं ती कडेच्या गवतात घेतली, चाकांना पुढून-मागून दगड लावले.

"जावईबापू, बंद पडली का हो?" तासियाचा आवाज एकदम गोड झाला.

या प्रश्नावर बरंच काही अवलंबून होतं. सावेलीची बायको ग्लाशा हिवाळ्यात गेली. तेव्हापासून तिची थोरली बहीण तासिया आणि शहरातला मुलगा यांचं एकमत झालं होतं की, सत्तरीच्या माणसानं असल्या म्हाताऱ्या गाडीवर एकट्यानं हिंडू नये. घरातली कटकट मिटावी म्हणून सावेलीनंच शब्द दिला: यंदा वाटेत एकदा जरी बंद पडली, तरी शेजारच्या रोदिओनला देऊन टाकीन. रोदिओनला ती गवत वाहायला हवी होती.

आज पितरांचा शनिवार. सारं गाव उकडलेली अंडी, पाई आणि थडग्यांच्या कुंपणाला द्यायचा निळा रंग घेऊन दफनभूमीकडे निघालेलं. त्यामुळे रोदिओनची जीप शेजारी येऊन थांबली, यात नवल नव्हतं.

"सावेली लुकिच, दोरी देऊ?"

"थांबलोय नुसता."

"थांबा की. बायकोला वर सोडतो आणि दोरी घेऊन येतोच." जाता जाता त्यानं साइडकारकडे एक नजर टाकली. पेंढ्या उभ्या रचाव्यात की आडव्या, एवढंच त्याचं ठरायचं होतं.

सावेलीनं टोपी काढून हँडलवर अडकवली. विचार करताना डोकं गार असावं, असं त्याचं मत होतं. त्याचं सारं आयुष्य गावच्या दूधकेंद्रावर गेलं होतं. कुणाच्या दुधात पाणी किती, हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गावात त्याला मान होता, तो यामुळेच.

"तासिया, इकडे सीटवर येऊन बस."

"मी? या झग्यात?"

"झग्याचं काही काम नाही. डाव्या हातानं क्लचची मूठ दाबून धर आणि मी सांगितलं की हळूच सोड."

त्यानं किक मारली, हातानंच गिअर टाकला आणि गवतात आडवा झाला. या गाडीला साखळी नव्हती. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत उघडा शाफ्ट जात होता. "सोड."

शाफ्ट गरागरा फिरायला लागला. म्हणजे क्लच शाबूत, गिअरबॉक्सही शाबूत. सावेलीची नजर शाफ्टवरून सरकत मागच्या सांध्यापर्यंत गेली. सांधाही फिरत होता. त्यापुढे चाकाजवळची दात्यांची पेटी आणि पेटीला लागून चाक. ते मात्र ढिम्म.

"काय म्हणतेय?" वरून तासिया.

"पेटी गेली असेल, नाहीतर चाकाच्या मधला तुंबा. पेटी असेल तर दोरी."

साइडकारच्या मागे ठेवलेला बर्चचा ओंडका काढून त्यानं तो गाडीखाली सरकवला, आस ओढला आणि मागचं चाक काढलं. तुंब्यातून तपकिरी भुकटी सांडली. पुन्हा किक, पुन्हा "सोड". चाक बसतं ती पेटीची दातेरी कडी छान फिरू लागली. पेटी धडधाकट होती. त्यानं तुंब्यात बोट घातलं. आतले दाते झिजून सपाट झाले होते. सावेलीची वरची हिरडी साधारण अशीच होती.

"चाकच ना? मग स्टेपनी लाव," तासिया म्हणाली.

"स्टेपनीचा हंस झालाय."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी ग्लाशानं स्टेपनीचं टायर कापून अंगणात हंस केला होता. त्याच्या पोटात झेंडू लावला होता आणि मान पांढरी रंगवली होती. उरलेली रिम तेव्हाच भंगारात गेली.

सावेली गवतात बसून राहिला. मग त्याची नजर साइडकारच्या चाकावर गेली आणि तिथंच थांबली.

या गाडीची सगळी चाकं एका मापाची असतात. गावातले पुरुष दर वसंतात त्यांची अदलाबदल करतात, म्हणजे सारखी झिजतात. सावेलीलाही करायची असे. पण एका वर्षी त्यानं गुळगुळीत टायर ग्लाशाच्या बाजूला लावलं आणि गाडी तिच्यासकट डबक्यात गेली. तेव्हा तिनं तिथं नवं कोरं चाक लावून घेतलं आणि बजावलं, माझ्या चाकाला हात लावायचा नाही. "काम काय करतं तुझं चाक?" तो चिडवायचा. "नुसतं सोबत येतं." ग्लाशा म्हणायची, "सोबत येणं हे काम नाही होय? करून बघ एकदा."

साइडकारच्या चाकाला शाफ्ट नसतो. त्याच्या तुंब्यातले दाते आयुष्यात कशाला लागलेले नव्हते.

"ते ग्लाशाचं चाक आहे," सावेली म्हणाला. "ते मागे लावलं आणि हे बोडकं तिकडे लावलं, तर जाईल."

तासियानं टोप गवतावर ठेवला, डोक्याचा सणाचा रुमाल सोडून खिशात कोंबला आणि साइडकारच्या कडेला हात घातले.

"मी उचलते. तू ओंडका सरकव. आणि लवकर कर, माझी कंबर काही तुझ्या गाडीएवढी चांगली नाही."

शेवटचा नट आवळायला आणि रोदिओन दोरी घेऊन यायला एकच गाठ पडली.

"झाली का दुरुस्त?"

"दुरुस्त?" तासिया टोपाशेजारी टेकून पाई खात होती. "बंद कधी पडली होती?"

"मग ही चाकं..."

"मला उकडत होतं. म्हटलं, थांब घटकाभर. याला स्वस्थ बसवतंय थोडंच? चाकं बदलत बसला. तुम्ही सगळे नाही का बदलत?"

रोदिओननं सावेलीकडे पाहिलं. सावेलीनं त्याच्याकडे पाहिलं, पूर्वी त्याच्या दुधाच्या कॅनकडे पाहायचा तसं.

"गवत काय, जीपमध्येसुद्धा मावतं," रोदिओन म्हणाला आणि दोरी गुंडाळू लागला.

सावेलीनं हळूच क्लच सोडला. गाडी एकदा अंग चोरून घेतल्यासारखी झाली आणि गुमान चढ चढून गेली.

दफनभूमीत तासियानं ग्लाशाच्या थडग्यावर स्वच्छ कापड अंथरलं, पाई मांडल्या, वोडकाचा एक छोटा पेला भरून ठेवला. सावेली अंडं सोलत होता. सोलून झालं तेव्हा पांढऱ्या अंड्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा, तेलकट ठसा उमटलेला होता.

"दे इकडे, पुसते," तासिया म्हणाली. "असं ठेवतात का कुणापुढं?"

"राहू दे. धुतलेल्या हातांनी आलो, तर तिला ओळख पटायची नाही."

त्यानं अंडं थडग्यावरच्या फोटोसमोर ठेवलं, ठसा तिच्या बाजूला येईल असं. तासियानं पुढे होऊन ते जरा सरळ केलं, पण पुसलं नाही.