भिंतीवरची डोरीन

सिनेमावाल्यांना लाज नसते, हे मी आधी नुसतं म्हणायचे. आता ओरडून म्हणते.

नेरिडा हॉलिसनं आमच्या नाटकातली डोरीन उभी केली ती मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये. पायाखाली लेंड्या आणि पडदा ओढायला मी. डोरीन म्हणजे कातरणाऱ्यांची स्वयंपाकीण. दोन वर्षं गायब असलेला नवरा दारात उभा राहतो, तेव्हा ती पिठाचे हात न पुसता म्हणते, "बूट बाहेर काढ. मग सांग कुठं होतास." त्या वाक्याला शेडचा पत्रा हादरायचा. टीव्हीवर मात्र या बाईला जन्मभर नर्सच केलं. ट्रे आणायचा, "डॉक्टर आलेत" म्हणायचं आणि निघायचं. "असू दे गं, ग्लेनिस," ती मला म्हणायची, "डोरीनवर सिनेमा निघेल तेव्हा बघू."

निघाला. डोरीनचं काम मिळालं सिडनीच्या एका तिशीतल्या पोरीला. तरी जॅरडचा, म्हणजे दिग्दर्शकाचा, फोन आला तेव्हा नेरिडाचा चेहरा उजळला. डोरीनच्या आईचं काम होतं.

"आई वारलेली आहे," जॅरड म्हणाला. "भिंतीवर लावायला तुमचा एक फोटो हवाय. तुमचा मान म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फोन दे इकडे. जिवंत बाईला भिंतीला टांगतोय मेला."

"पाठवते," नेरिडानं त्याला सांगितलं आणि फोन ठेवला. "निदान ट्रे तरी आणायला नको." हसली मात्र नाही. पाठवला तो नाटकातलाच फोटो, हात पिठाचे आणि डोळे वटारलेले.

सिनेमा लागला तो बर्रा गावच्या हॉलमध्ये. तिथल्याच शेडमध्ये आम्ही नाटक केलं होतं, त्यामुळे सगळे जुने कातरणारे आले होते. जॅरड पुढच्या रांगेत. पडद्यावर नवरा दारात आला. ते वाक्य जॅरडनं कापून टाकलं होतं. पोरगी आईच्या फोटोकडे बघत नुसती मुळूमुळू रडत राहिली.

मागून एक म्हातारा म्हणाला, "बूट बाहेर काढ." आणखी दहाबारा जण त्याच्यामागोमाग म्हणू लागले.

"गप्प बसा." नेरिडा उठली होती. "ते वाक्य माझं आहे."

जॅरडनं मान वळवून बघितलं. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही, सरळ त्याच्याकडे बोट केलं.

"बूट बाहेर काढ," ती म्हणाली. "मग सांग कुठं होतास."