डावीकडे सरकलेली चंद्रकोर

हळद पुसली गेल्यावरच जखम नीट दिसली. डॉक्टर सुनीती यांनी ओला कापूस बाजूला ठेवला, जनकाबाईंची हनुवटी दोन बोटांनी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि नाकाच्या डाव्या पाळीवरचा तो व्रण त्या बराच वेळ पाहत राहिल्या. कडा मण्यांसारख्या चकाकत होत्या. मध्ये काळपट खपली होती.

“कधीपासून आहे हे, मावशी?”

“लई दिसांचं हाय. शीतलच्या लग्नात माझी सोन्याची फुली तिला घातली. भोक बुजू न्हाई म्हणून कडूलिंबाची काडी घालून ठिवली. त्या काडीनंच चिघळलं बघा.”

“आणि वर हळद कुणी सांगितली?”

“सांगायला कशाला पायजे? हळदीतच बसलेली असते मी.”

दाराशी उभा असलेला प्रज्ञेश संकोचून हसला. कनेरगाव नाक्याच्या शाळेत तो शिक्षक होता; रजा काढून आईला नांदेडच्या या सरकारी रुग्णालयात घेऊन आला होता. शीतल त्याची थोरली बहीण. तिच्या लग्नाला पुष्कळ वर्षे झाली होती. तेवढी वर्षे जनकाबाई आखाडा बाळापूरच्या शिवारात हळदीच्या हंगामात कढईवर राबत, शिजलेली हळद उन्हात पसरत, आणि बोटाला लागलेली पूड जाता जाता नाकावर लावत. जखम कधी सुकल्यासारखी होई, कधी ओली. दुखत मात्र नव्हती. दुखली असती तर त्या आधीच आल्या असत्या.

डॉक्टरांनी जखमेचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला त्यांनी मायलेकांना समोर बसवून सांगितले, की हा कातडीचा कर्करोग आहे; सावकाश वाढणारा आहे, सहसा दूर पसरत नाही, पण शेजारचे खात जातो. आता काढला तर नाकाचा एक भाग जाईल. ठेवला तर नाक जाईल, पुढे डोळाही.

“काडीनं झालं ना?”

“काडीनं नाही, मावशी. नेमकं सांगता येत नाही, पण उन्हाचा वाटा असतो.”

“ऊन काय मला एकटीलाच लागलं व्हय?” जनकाबाई म्हणाल्या.

डॉक्टर सुनीती अजून शिकत होत्या. कपाळाच्या कातडीतून घडवलेली नाके हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कपाळावरची एक उभी पट्टी सोडवायची, भुवईपाशी ती तशीच जोडलेली ठेवायची म्हणजे तिचा रक्तपुरवठा तुटत नाही, आणि तिचे वरचे टोक खाली वळवून नाकाच्या खड्ड्यावर शिवायचे. तीन आठवड्यांत नाक त्या कातडीला आपले रक्त देऊ लागते. मग मधला पूल कापायचा. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. काढता काढता त्यांची पेन्सिल थांबली.

जनकाबाईंच्या कपाळावर हिरवट गोंदण होते. एक चंद्रकोर आणि तिच्याखाली ठिपका. ते कपाळाच्या मधोमध नव्हते. लहानपणी आईने मांडीवर डोके घेऊन सुई टोचली तेव्हा पोरीने हिसडा दिला आणि गोंदण डावीकडे सरकले ते कायमचेच. उजव्या भुवईवर कढईच्या वाफेने भाजल्याचा जुना डाग होता. ती कातडी भरवशाची नव्हती. पट्टी डावीकडूनच घ्यावी लागणार होती.

“म्हणजे गोंदण जाणार?” जनकाबाईंनी विचारले.

“मधल्या पुलात येईल ते. पूल शेवटी काढून टाकतात.”

जनकाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, पिशवी उचलली. “चल रे, बाळापूरची गाडी लागली असंल.”

एसटीत प्रज्ञेश खालच्या आवाजात भांडत राहिला. “माय, गोंदण मोठं का जीव मोठा? आपण तर असलं काही मानतबी न्हाई.”

“मी कुटं मानून राहिले? माझं हाय म्हणून राहिले.”

त्याला ते उमगले नाही. त्यामागची गोष्ट घडली तेव्हा तो फार लहान होता. त्याचे वडील किशनराव काविळीने गेले, तेव्हा तो पाळण्यात होता. बौद्धाचार्यांनी सांगितले होते की बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या हे आपल्यात आता करायचे नाही. ते निघून गेल्यावर घरातल्या बायकांनी ते केलेच. नणंद द्वारकाबाई ओले फडके घेऊन बसल्या. कुंकू निघाले. शेजारचे गोंदण निघेना. अंधारून आले होते, डोळ्यांत पाणी होते. द्वारकाबाई तेही कुंकूच समजून घासत राहिल्या, कातडी सोलवटेपर्यंत. शेवटी जनकाबाईंनी त्यांचा हात धरला.

“वन्सं, ते तुमच्या भावाचं न्हाई. ते माझ्या आईनं दिल्यालं हाय.”

द्वारकाबाईंनी फडके खाली ठेवले. त्या दिवशी जनकाबाईंच्या अंगावरून जे जे उतरायचे ते उतरले. राहिले ते एवढेच. पुढे पाणवठ्यावर, कुणाच्या हळदीला, बारशाला त्या जात तेव्हा बायकांची नजर रिवाजाप्रमाणे आधी कपाळावर येई आणि तिथे काहीतरी असे. पांढरे कपाळ म्हणायची सोय त्यांनी कुणाला ठेवली नव्हती.

पावसाळा सरता सरता जखम नाकपुडीच्या आत शिरली. एका सकाळी तोंड धुताना नाकातून रक्त आले. जनकाबाईंनी तोंड पुसले आणि प्रज्ञेशला निरोप धाडला.

नांदेडला डॉक्टर सुनीतींनी त्यांना लगेच आत घेतले. त्यांनी पट्टी मोजली, जांभळ्या शाईने कपाळावर रेघा ओढल्या. ऑपरेशनआधी भिंतीशी उभे करून फोटो घेतले. समोरून, दोन्ही बाजूंनी.

“पूल कापला की त्याचा भुवईजवळचा भाग परत कपाळावर बसवतात,” त्या म्हणाल्या. “बाकीचा टाकतात. मी जमेल तेवढा बसवीन.”

“चांद वर हाय. ठिपका भुवईजवळ.”

“हो. ठिपक्याचं सांगू शकते. चंद्राचा प्रयत्न करीन.”

“फेकू तेवढं नका.”

“प्रयत्न करीन, मावशी. शब्द देते.”

ऑपरेशननंतरचे ते तीन आठवडे जनकाबाई घरातच राहिल्या. कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा जाड पट्टा डाव्या डोळ्यासमोर लोंबत होता आणि त्यावर चंद्रकोर उलटी झाली होती, टोके जमिनीकडे. आरशात त्यांनी ती एकदाच पाहिली. हळदीच्या रानात त्यांच्या जोडीला असणारी गोजरबाई चिकूची पिशवी घेऊन आली, उंबऱ्यातच थबकली आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अगं बया! सोंडच फुटली की गं तुला!”

“मंग चिकू काहून आणले? केळी आणायची.”

गोजरबाई हसता हसता खाली बसली आणि हसता हसताच डोळे पुसू लागली. “दुखून राहिलं का?”

“न्हाई. डोळ्यापुढं निस्ता चांद दिसतो, दिवसा बी.”

पूल कापायचे ऑपरेशन जागेपणीच झाले. चेहऱ्यावर हिरवे कापड होते, सुईने कपाळ बधिर केले होते. कान मात्र जागे होते. कात्रीचा आवाज आला. मग मोठ्या सरांचा.

“एवढं परत बसवायची गरज नाही. खालून घट्ट झालंय, गाठीसारखं उभं राहील. वरची जखम भरून आलीय, ती कशाला उकलता?”

“सर, मी पेशंटला शब्द दिलाय.”

“शब्द कातडीला कळत नाही, सुनीती. रक्त पोचेल तेवढंच जगेल.” थोड्या वेळाने ते मऊ आवाजात म्हणाले, “बसेल तेवढं बसवा.”

कापडाखाली जनकाबाईंनी डोळे मिटून घेतले. आईच्या मांडीवर असताना जसे मिटले होते तसे. पण या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

टाके घालून झाल्यावर डॉक्टर सुनीती त्यांच्या उशाशी वाकल्या. “ठिपका बसला, मावशी. चंद्र नाही बसला. जगला नसता.”

जनकाबाईंनी डोळे उघडले. “तुमी सांगितलं, बरं केलं.”

वर्ष सरल्यावर त्या शेवटच्या तपासणीला गेल्या. बोलावूनही बहुतेक रुग्ण परत येत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बोलून दाखवले होते. जनकाबाई एकट्याच गेल्या. धुतलेले लुगडे, हाताची पिवळी बोटे. नाक चांगले जमले होते. डावी पाळी जराशी जाड, रंग उजव्या पाळीशी मिळता. फुलीचे भोक नव्हते. कपाळावर वरपासून खाली एक फिकट रेघ होती आणि तिच्या पायथ्याशी, भुवईला टेकून, हिरवा ठिपका. डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिले, नाकपुड्यांतून श्वास घ्यायला सांगितले, पुन्हा भिंतीशी उभे करून फोटो घेतले. रोगाची खूण नव्हती. प्रबंधात हे नाक उत्तम म्हणून जाणार होते.

मग त्यांनी टेबलावर फोटो मांडले. एक ऑपरेशनआधीचा, एक टाके काढल्यानंतरचा.

“हा तुम्हाला ठेवा,” नव्या नाकाचा फोटो पुढे सरकवत त्या म्हणाल्या. “घरी दाखवायला.”

जनकाबाईंनी तो पाहिला आणि जागेवर ठेवला. दुसऱ्यावर बोट टेकवले.

“हा देता का?”

“मावशी, यात तर जखम आहे.”

“असू द्या.”

डॉक्टरांनी एकदा त्यांच्या कपाळाकडे पाहिले, फोटो लिफाफ्यात घातला आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला.

बाळापूरला परतल्या तेव्हा रानात हळद वाळत होती. गोजरबाई खालचे कंद वर करत होती. जनकाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि कमरेच्या पिशवीतून लिफाफा काढला.

“बघू, बघू. कसं आलंय नाक?”

“नाक इथं हाय की माझ्याजवळ,” जनकाबाई म्हणाल्या. “ते नको बघू.”

फोटोतल्या नाकावर त्यांनी आपला पिवळा अंगठा ठेवला, जखम पुरती झाकली, आणि उरलेला फोटो गोजरबाईपुढे धरला.