माझ्या पोटातला अंधार

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रोल घालायचा, अंगठ्याने तो पुढे सरकवायचा आणि बटण दाबायचे, असा. माझे काम तसे सोपे होते. बाहेरचा उजेड क्षणभर आत घ्यायचा आणि रोल बाहेर काढीपर्यंत पोटातला अंधार जपायचा. तेवढेही मला एकदा जमले नाही. देवाने मला मान दिली नाही ते बरेच झाले, नाहीतर ती कायमची खाली गेली असती.

ठाण्याला नौपाड्यात मोरूभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या काचेच्या कपाटातून १९८७ साली मला काळुरामने घेतले. तो शीळफाट्याजवळच्या एका गावचा. बहिणीचे, गोदाचे, लग्न ठरले होते आणि ते दणक्यात करायचे त्याच्या मनात होते. गावात दुसरा कॅमेरा नव्हता. मी गळ्यात असला की काळुराम ताठ चालायचा, आणि खरे सांगायचे तर मलाही शिंगे फुटली होती.

त्याची आई बायजा गावची धवलारीण होती. हळदीपासून अक्षतांपर्यंत लग्नातला एकेक विधी धवले गाऊन पार पाडणारी बाई. पंचक्रोशीतली कितीतरी लग्ने तिच्या गळ्याने लागली होती. पण तिचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे ती मानायची आणि मला पाहिले की पदर तोंडावर ओढायची. गोदाच्या हळदीला मात्र नवल झाले. नवा रोल नुकताच घातलेला. बायजा मांडवात बसून गात होती, हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. काळुरामने मला डोळ्याला लावले, तिने पाहिले आणि गाणे न थांबवता सरळ माझ्याकडे बघत राहिली. लेकीच्या हळदीला तिने तेवढी सूट दिली.

पण छत्तीसच्या छत्तीस फोटो झाल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा नाही, अशी तेव्हा घरोघरची रीत होती. लग्न झाले तरी थोडा रोल उरलाच. बायजा अधूनमधून विचारायची, "माजा फोटू आला का रे?" काळुराम म्हणायचा, रोल संपू दे. श्रावणात ती तापाचे निमित्त होऊन गेली. मग हार घालायला घरात फोटोच नव्हता. होता तो फक्त माझ्या पोटात.

दसरा आला. बायजाला जाऊन वर्ष सरले नसल्याने सण नव्हता, पण हत्यारांची पूजा चुकवायची नाही म्हणून काळुरामच्या बायकोने, शालूने, पाटावर कोयता, विळा मांडले, बाजूला जाते ठेवले आणि शेवटी मला ठेवले. पूजा कशी करायची हे तिला सासूनेच शिकवले होते. नुसते वरवर कुंकू लावायचे नाही, वस्तूच्या पोटातही लावायचे. म्हणून तिने जात्याचा वरचा दगड उचलून आतल्या खुंट्याला हळदकुंकू लावले. तशीच माझी कडी ओढली. माझे झाकण टपकन उघडले आणि दारातले ऊन सरळ आत शिरले. तिने कडेला हळूच बोट टेकवले, हात जोडले आणि झाकण लावले. किती प्रेमाने केले होते तिने ते! आणि मला ओरडताही आले नाही.

दुपारी काळुरामने उरलेले फोटो संपवले. रोल काढताना तो उन्हाकडे पाठ करून बसला आणि माहेरी आलेल्या गोदाला म्हणाला की आधी झाकण उघडले असते तर सगळे जळले असते. शालूच्या हातातले तांब्याचे भांडे खाली पडले. ते उचलून ती आत गेली.

रोल स्टुडिओतून न छापताच परत आला. आत उजेड गेलाय, असे पाकिटावर लिहिले होते. काळुराम चवताळून नौपाड्याला गेला, मला काउंटरवर आपटले आणि भरल्या दुकानात मोरूभाऊंना म्हणाला, "माज्या आयेचा एकच फोटू होता. तो तू जाललास." मोरूभाऊ वयस्कर माणूस, चेहरा पडला त्यांचा. घरी येऊन काळुरामने मला माळ्यावर टाकले आणि त्या दुकानात कोणी जायचे नाही, असे गावभर सांगितले. शालू हे ऐकत भाकऱ्या थापत होती. आपल्या चुकीच्या शिव्या दुसऱ्याने खाल्ल्या, हे तिला सहन होईना.

शेवटी बाजाराचे निमित्त काढून ती ठाण्याच्या एसटीत बसली. पिशवीत मी आणि ते पाकीट. मोरूभाऊंसमोर मला ठेवून ती म्हणाली, "झाकन मीच उघरलेला, भाऊ. कुंकू लावाला. तुमची काय चूक नाय." तिची नजर फरशीवरून हलत नव्हती.

मोरूभाऊंनी पाकीट उघडले. शेवटाकडच्या पट्ट्या कोळशासारख्या काळ्या दिसल्यावर छापणाऱ्याने पुढे पाहिलेच नव्हते. पण झाकण क्षणभरच उघडले असेल, तर गुंडाळीच्या आतल्या वेढ्यांपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या फोटोंपर्यंत, उजेड पुरता पोचत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी सुरुवातीची पट्टी खिडकीशी धरली, भिंग लावले आणि शालूला जवळ बोलावले. पट्टीत एक बाई गात होती. शालू तिथल्याच स्टुलावर बसून रडली.

फोटो छापून आला तेव्हा एका कडेने नारिंगी-पिवळा पट्टा आत आला होता, बायजाच्या गालापर्यंत. हळद माखल्यासारखा. शालूने तो नवऱ्याच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. त्याने गालावरच्या पट्ट्यावरून बोट फिरवले. मग विचारले, "आत कुंकू लावाला कोनी सांगितला?"

"आयेनी."

दुसऱ्या दिवशी तो नौपाड्याला गेला. दुकान रिकामे होते. तो बाकावर बसून राहिला. चार गिऱ्हाइके आल्यावर उठला आणि त्या सगळ्यांसमोर त्याने मोरूभाऊंचे पाय धरले, कारण बोलही त्याने चारचौघांतच लावला होता.

आता नवे कॅमेरे आपला रोल आपणच फिरवतात. माझे बटण केव्हाच अडकले. तरी दर दसऱ्याला शालू मला पाटावर मांडते आणि झाकण अंगठ्याने घट्ट दाबून धरत वरूनच कुंकू लावते. मला तेव्हा तिच्याहून जास्त लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखाद्या कॅमेऱ्यात अर्धा रोल पडून असेल. तो संपायची वाट बघू नका, धुवायला द्या. फोटो भिंतीवर टांगताना काळुराम हळूच म्हणाला होता, "आये, आला तुजा फोटू." तिने विचारले होते तेव्हा रोलवर काढायचे मोजकेच फोटो उरले होते.