थ्रॉली साहेबांची सात रोपं

थ्रॉली साहेब आमच्या पहांगच्या जंगलातल्या एका लहानशा जिल्ह्याचे अधिकारी होते, कोर्टही तेच चालवायचे, तेव्हा मी त्यांचा कारकून होतो. बढती मिळून मोठा जिल्हा हाती यावा, एवढाच त्यांना ध्यास. ते सगळं वार्षिक अहवालावर अवलंबून होतं.

आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला होता: कचेरीच्या आसपास दुरियान आणायचा नाही. त्या काटेरी फळाच्या वासाने त्यांना भोवळ यायची. आम्ही पडलो भिडस्त माणसं. फळ तर सोडाच, त्यांच्यासमोर त्याचं नाव काढणंही आम्ही बंद केलं.

जुलैत कोर्ट ओस पडलं. ना मारामारी, ना म्हैसचोरी. तीन आठवडे रिकाम्या कोर्टात बसल्यावर साहेबांचं कुतूहल चाळवलं. त्यांनी नकाशावर टाचण्या टोचल्या, पावसाचे आकडे ताडून पाहिले, दोन दिवस डासांवरही संशय घेतला. मग त्यांना आठवलं, मेमध्ये आपण दंड दुप्पट केला होता.

खात्री करून घ्यायला त्यांनी गावचे मुखिया तोक जनाल यांना बोलावलं. खरं तर अख्खा गाव दुरियानच्या झाडांखाली मुक्कामाला होता. आमच्याकडे हे फळ तोडत नाहीत, पडायची वाट बघतात. फिर्यादी कोर्टात गेला, तर त्याचं फळ आरोपी खाणार. मग जातो कोण? तोकसुद्धा तिथूनच आले होते, दोनदा अंघोळ करून.

"लोक एवढे शांत कशाने झाले?" साहेबांनी विचारलं.

तोकनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"साहेबांचा हुकूम पाळतात लोक," तोक म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, सांगून टाकायला हवं होतं.

"तू रोज त्यांच्यापुढे बसतोस ना? मग तूच सांग की."

मी अकरा पानांचा अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. दंड आणि शांतता यांचा संबंध त्यात इतका पटण्यासारखा होता की लिहिताना मलाही पटला. बढती आली. किनाऱ्यावरचा सगळ्यात भांडखोर जिल्हा: वाळू, नारळ आणि कोळी. सोबत हुकूम, वर्षभरात शांतता करून दाखवा.

निरोपाला तोक जनाल सात रोपं घेऊन होडीपाशी आले. साहेबांनी पानं हुंगली. वास नव्हता. ते खूश झाले.

"कसली आहेत?"

"गेल्या गेल्या लावा, साहेब," तोक म्हणाले. "वाळूत जगली, तर बारा वर्षांत कोर्ट रिकामं."